चव नोंदवही

नियम असा की मुलांच्या आधी
बाईंनी एक घास खायचा,
अर्धा तास थांबायचं
आणि मग वहीत लिहायचं:
तारीख, पदार्थ, चव, सही.

तुर्भ्याच्या खाणींखालची ही शाळा.
फळा कितीही पुसा, पांढराच राहतो.
दगडाची भुकटी खिडकीतून येते,
बाकांवर, पोरांच्या पापण्यांवर बसते.
अकराला टेम्पो येतो,
ठाणे-बेलापूर रस्त्यावर अडकला नाही तर,
आणि ठकूबाई म्हात्रे पदर खोचून
पिंपाचं झाकण अशी उघडते
जसं तिच्याच दारात कुणाचं लगीन आहे.

पहिलं वर्ष मी खरं लिहिलं.
'मीठ कमी.' 'वाटाणे कच्चे.'
'डाळ शोधावी लागली.'
वरून फोन आला, बाई, एवढं सविस्तर नको.
तेव्हापासून 'चांगली'.
रोज चांगली, एकाच वळणात,
शिक्षा म्हणून शंभरदा लिहायला दिल्यासारखी.

मुलामागे शंभर ग्रॅम तांदूळ.
वर्गाचा पट एकेचाळीस.
हा हिशोब चुकत नाही,
चुकते ती दुर्गव्वा.
ताटातली अर्धी खिचडी ती
डब्याच्या झाकणात काढते
आणि हात धुवायच्या निमित्ताने
फाटकाकडे पळते.
बाहेर तिचा भाऊ.
चार वर्षांचा, नाहीतर पाच.
आई सांगते, सुरुंग उशिरा उडाला
त्या सालचा.
अंगणवाडी आहे. हायवेच्या पलीकडे.

मी रागावले, आपलं आपण खावं.
तिने मान हलवली
आणि दुसऱ्या दिवशी अर्ध्याहून जास्त नेलं.

ठकूबाई ताटं विसळता विसळता म्हणाली,
"बाय, त्या यल्लप्पाचा क झाला?"

यल्लप्पा धोत्रे. अनुक्रमांक सतरा.
शिमग्यानंतर त्याचे आईबाप
पनवेलच्या पुढे कुठल्याशा क्रशरवर गेले,
दाखला न नेता.
पटावर तो अजून आहे.

मी काही बोलले नाही.
सतराव्या ओळीत 'गैरहजर' लिहायचं
ते फक्त लिहिलं नाही.
याला कागदावर काय म्हणतात
मला ठाऊक आहे.
त्या दिवशी पंगतीच्या टोकाला
बहिणीचा शर्ट घातलेलं एक बुटकं पोर
ताट दोन्ही हातांनी धरून बसलं,
कोणी ओढून नेईल असं.

ऑगस्टात तपासणीला साहेब आले.
ताटं मोजली, डोकी मोजली,
मग हजेरी घेऊन
स्वतःच नावं वाचू लागले.
पंधरा. सोळा.
ठकूबाईचा डाव हवेत थांबला.
"यल्लप्पा धोत्रे?"

"हजर!"
तोंडातला घास तसाच,
समोरच्याच्या अंगावर शितं उडाली.
साहेब त्याच्याकडे बघत राहिले, जरा जास्तच वेळ.
मग अठरावं नाव वाचलं.
जाताना शेरा लिहिला, समाधानकारक.
कशाबद्दल, ते नाही लिहिलं.

यंदा जूनमध्ये दुर्गव्वा त्याला
तेल लावून, चापून भांग पाडून
पहिलीत घालायला घेऊन आली.
मी कोरं पान काढलं.
नाव काय रे तुझं?

"यल्लप्पा."

दुर्गव्वाने चिमटा काढला.
तो गप्प.
दुसरं नाव सांगितलं
तर जेवायला मिळतं का,
हे माझ्या तोंडाकडे बघून शोधत राहिला.

लिहिलं मी, भीमण्णा.
सतरावर लाल रेघ ओढली,
सव्वा वर्ष उशिरा.
मग टेम्पो आला, घास घेतला.
खिचडी तळाशी करपली होती.
वहीत तसंच लिहिलं.
फोन आला तर येऊ दे.

भीमण्णाने दोनदा वाढून घेतली.