फक्त वाचण्यासाठी

हिउमा बेटावरून सुटलेल्या शेवटच्या फेरीबोटीत
मारिकाच्या मांडीवर लोकरी मोज्यात गुंडाळलेली डिस्क.
"लोकर नको हो, ठिणगी पडते," ती म्हणाली होती.
एन्देल म्हणाला, "एकवीस हिवाळे याच मोज्यात काढलेत तिने.
तुमची ठिणगी अजून यायची आहे."

डिस्कवर पक्षी आहेत.
म्हणजे पक्षी नाहीत, त्यांचे आवाज.
म्हणजे आवाजही नाहीत, आकडे,
आणि आकडे कुठे ठेवलेत त्याची यादी,
आणि यादी कुठे ठेवली आहे हे सांगणारा
अगदी पहिल्या कप्प्यातला एक शिक्का.
शिक्का पटला तर घर उघडतं.
नाही पटला तर
भरल्या घराकडे बघून यंत्र म्हणतं,
मोकळा भूखंड. सपाट करू?

तार्तूच्या प्रयोगशाळेत नेमकं तेच झालं.
नवं यंत्र, नवी आवृत्ती, खिडकीबाहेर मार्चचं मळकं बर्फ.
पडद्यावर नम्र चौकट:
ही डिस्क वाचता येत नाही. फॉरमॅट करायची?
'होय'चं बटण निळं, आधीच निवडलेलं.
मारिकाने माऊसवरचा हात उचलला
आणि स्वतःच्याच मांडीखाली दाबून ठेवला.

जुन्या यंत्राची मोजणी उलट्या टोकाकडून होती.
त्यात नवल नाही. आपणही
सत्तावीस म्हणताना सात आधी बोलतो
आणि लिहिताना दोन.
तोंड आणि हात रोज वेगळ्या टोकांकडून निघतात,
कुठेतरी भेटतात, कोणी भांडत नाही.
यंत्रांना मात्र बसून समजवावं लागतं.

तिने समजावलं. दुपारभर.
कॉफी गार झाली, राईच्या पावाची कड वाळली.
शेजारच्या टेबलावरून रास्मुस म्हणाला, "आमच्या वेळी..."
आणि तो जेमतेम तेविसाचा, म्हणून गप्प बसला.

संध्याकाळी शिक्का पटला.
आता दुसरी चौकट, पहिलीपेक्षा गोड:
आवृत्ती जुनी आहे. अद्ययावत करू?
खाली, औषधाच्या बाटलीवर असतात तसल्या अक्षरांत:
यानंतर जुन्या यंत्रांना ही डिस्क उघडणार नाही.

जुनं यंत्र एन्देलच्या स्वयंपाकघरात आहे,
फ्रीजवर, पंख्यात दोन पिसं अडकलेलं.
त्याला हल्ली ऐकू येत नाही.
पडद्यावर आवाजाची रेघ वरखाली होते, ती तो बघतो
आणि सांगतो: हा ह्यूप,
लव्हाळ्यात बसून बाटलीत फुंकल्यासारखा ओरडणारा बगळा.
मे महिना. वारा पश्चिमेचा.

तिने टाइप केलं: फक्त वाचण्यासाठी.
आत ये, पण चपला बाहेर.
कशालाही हात लावू नकोस,
शेवटचं कोणी कधी उघडलं
तेसुद्धा लिहून ठेवू नकोस.

नावं येऊ लागली.
त्यांच्या भाषेत रात्रीला एकच स्वर पुरतो,
लांबवलेला, डोक्यावर ठिपके.
नव्या यंत्राला ठिपके कळेनात.
जिथे जिथे रात्र होती
तिथे दोन प्रश्नचिन्हं.
चौदा मे, ??, लव्हाळी.
दोन जून, ??, लव्हाळी, पाऊस.
प्रतीमध्ये तिने हाताने एकेक रात्र परत बसवली.
मुळात त्या बिघडल्याच नव्हत्या.

गुरुवारी मोजा बेटावर परत.
एन्देलने डिस्क जोडली. यंत्र खाकरलं. रेघ हलली.
"काही बदललं?"
"काहीच नाही."
"मग आठवडाभर केलंस काय?"
ती सांगणार होती,
तेवढ्यात त्याने हात वर केला.
रेघ एकदम छतापर्यंत गेली होती.
"थांब. हा कोण? हा माझ्या ओळखीचा नाही."

मारिकाला ऐकू आलं:
काळोखात एक चाळिशीतला माणूस शिंकतो,
आणि मग अगदी हळू, लव्हाळ्याकडे तोंड करून,
"माफ करा."