कप्प्यावरचं पाणी

मागोंगच्या मच्छीमार संघात, वरच्या मजल्यावर,
जिथे ईशान्येचा वारा खिडकीच्या फटीतून
कळफलकावर मीठ आणून ठेवतो,
तिथे चुआंग लान-यू तीनदा आली.
पहिल्यांदा एकटीच. दुसऱ्यांदा
सुकवलेला माकूळ कागदात गुंडाळून.
तिसऱ्यांदा काही न आणता.

वडिलांचं नाव हवं होतं तिला,
आणि त्यांची नाव.
मिंगुओ सत्तावनच्या वहीत दोन्ही असायला हवीत, म्हणाली.
चुआंग शुई-पो. शुई म्हणजे पाणी.
मी टंकलं. नोंद आढळत नाही.
तेच तिला सांगितलं, तीनदा,
तिसऱ्यांदा तर मान वर न करता.

मग एका संध्याकाळी फेरीबोट रद्द झाली.
वाईट वाटलं होतं की नुसता कंटाळा आला होता,
आता नक्की सांगता येत नाही,
पण सत्तावनची पानं एकेक सरकवत बसलो.
बेचाळिसाव्या पानावर तो होता.
लाकडी होडी, तीन अश्वशक्ती,
मालक: चुआंग शुई-पो.

पडद्यावर दिसत असलेलं नाव
मी पुन्हा शोधलं.
नोंद आढळत नाही.

कुठेतरी पाणी मुरत होतं.

माझं अक्षर आणि त्याचं अक्षर शेजारी ठेवलं:

水   ⽔

बघा. मीही बघितलं, चष्मा पुसून.
पहिल्याचा आकडा सहा-सी-तीन-चार.
हे प्यायचं, पोहायचं, मुलाच्या नावात घालायचं पाणी.
दुसऱ्याचा दोन-एफ-पाच-चार.
कोशातल्या दोनशे चौदा मूळखुणांपैकी ही पंच्याऐंशीवी:
नदी, घाम, समुद्र, धुणं
ज्या कप्प्यात ठेवतात,
त्या कप्प्यावर डकवलेली चिठ्ठी.
यंत्राच्या लेखी चिठ्ठी वेगळी, पाणी वेगळं.
छापील वहीतून मजकूर उपसताना
कुठल्याशा प्रोग्रॅमच्या ओंजळीत
पाण्याऐवजी चिठ्ठ्या आल्या,
आणि चित्र दोन्हींचं एकच
म्हणून कुणाच्या डोळ्यांना खुपलं नाही.
छप्पन्न वर्षं समुद्रावर काढलेला माणूस
असा एका लेबलखाली बसून होता.

तिला फोन करून हे सगळं समजावलं.
बराच वेळ नुसता वारा ऐकू आला.
मग म्हणाली,
बाबांना लिहिता कुठे येत होतं!
पाणी ते काढायचे.
मधोमध गळ, दोन्हीकडे शिंतोडे,
कधी तीन, कधी पाच,
बोट ओलं असेल तर नुसता डाग.
एकदाही सारखं आलं नाही.
धक्क्यावरचा कारकून वही न उलटता म्हणायचा,
आलास का, त्सुई.

रात्री बदलायला बसलो.
पाणी तीनशे अकरा ठिकाणी.
मग दगड, सात घरांचं आडनाव.
मग सोनं, घोडा, ड्रॅगन,
आणि मासा, जो निम्म्या होड्यांच्या नावात.
एवढी माणसं होती आमच्याकडे
हाका मारल्या तर ओ न देणारी,
आणि त्यांच्या नावावर आम्ही
खुशाल पाणी सोडलेलं.

सकाळी ती आली. दाखला
दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घातला,
वारा फार होता. पाण्यावर बोट ठेवून विचारलं,
हे आता खरं ना?
हो म्हटलं. तिला काही फरक दिसला नाही.
मलाही दिसत नव्हता.

संघाच्या जावक वहीत
तिला दिलेली माझी तीन उत्तरं आहेत.
नोंद आढळत नाही, असं टंकलं
की पहिल्या फटक्यात सापडतात.