दम धर

सप्टेंबरात फ्रेस्नोत बदाम कुणी झोडत नाही.
यंत्र झाडाच्या बुंध्याला मिठी मारतं
आणि गदागदा हलवतं.
मग जी धूळ उठते ती हायवे ओलांडून
शाळेच्या पटांगणात येऊन बसते, हजेरी न लावता.
सकाळी मिस्टर ओर्नेलास हवेचा आकडा बघून
खांबावर झेंडा चढवतात.
आज नारिंगी.
नारिंगी म्हणजे माझ्या खोलीबाहेर रांग.

माझ्या वाट्याला तीन शाळा, एक जुनी टोयोटा
आणि डिकीत खोकंभर प्लॅस्टिकची नळकांडी.
गुळवणी कुणाच्या जिभेवर टिकत नाही,
म्हणून मी मिस गुल.

आधी हलव. अजून. सॉसची बाटली हलवतोस तसा.
आता आतलं सगळं बाहेर सोड,
काचेवर वाफ धरून नाव लिहितोस ना, तितकं हळू.
ओठ घट्ट. दाब. ओढ, सावकाश, फुरका नको.
आणि आता...
इथं दर वेळी माझ्या तोंडातून मराठीच निघतं:
दम धर.

भाकरी तव्यावर असताना आई हेच म्हणायची.
मास्तर नुसता दम द्यायचे, छडी क्वचितच.
मामा कबड्डीत एका दमात तिघांना बाद करून यायचा
आणि गाव म्हणायचं, पोरात दम आहे.
धीर, धाक, ताकद, हवा,
चौघं एकाच खोलीत नांदतात,
आणि दाराशी एक काना येऊन उभा राहिला
की आजार.
हे मी कुणाला समजावू?
मी बोटांवर दहा मोजते. पोरं माझ्या बोटांकडे बघतात.

यारेत्सी पाचवीत, एव्हेलिओ दुसरीत.
दोघांत एकच पंप.
सकाळी त्याच्या दप्तरात, जेवणानंतर तिच्या मोज्यात.
पाठीवरच्या चिमुकल्या खिडकीत आकडा: चौदा.
त्रास झाला तर किती वेळा दाबतेस?
म्हणाली, निम्मा.
निम्मा कसा दाबतात गं?
तिनं करून दाखवलं.
अंगठा टेकवला, दाबला नाही,
डोळे मिटले
आणि रिकामं नळकांडं मन लावून ओढलं.

मी तीन फोन केले.
एकावर चाळीस मिनिटं कुणीतरी सॅक्सोफोन वाजवत होतं.
आईची सही द्राक्षांच्या शेडमध्ये जाऊन आणली,
तिनं हात पुसले, तरी कागदाला रस लागलाच.
दोघांचे दोन पंप यायला अकरा दिवस लागले.
त्या अकरा दिवसांत यारेत्सी रोज मधल्या सुट्टीत यायची,
कापडी अस्वलाच्या तोंडाला नळकांडं लावायची
आणि अस्वलाला रागवायची:
सातलाच सोडलंस. परत.

गुरुवारी मी दुसऱ्या शाळेत होते, उवा तपासत.
ओर्नेलासांचा फोन आला.
एव्हेलिओ. पळताना.
एकोणीस मिनिटांचा रस्ता, त्यात रेल्वे फाटक,
मालगाडीचे डबे संपता संपत नव्हते
आणि मला कुणी दम धर म्हणणारं नव्हतं.

पोचले तेव्हा तो पायरीवर ताठ बसला होता,
खांदे अजून वरखाली, पण ओठांवर रंग.
मोजे घसरलेले. हातात बिस्किट.
यारेत्सी शेजारी. तिच्या तळहातावर निळ्या पेनानं
१०:४२
आणि खाली रेघा.
भोवती जमलेल्यांना तिनं आधीच मागे हटवलं होतं,
त्यात मुख्याध्यापकही होते.
घाबरलीस का, मी विचारलं.
तिला प्रश्न कळला नसावा. म्हणाली,
हा नऊलाच सोडत होता,
मग मी तुमचं ते म्हटलं.
काय?
दाम दार.

मी पंप उलटा करून खिडकी बघितली.
सकाळी नवाकोरा दिला होता, दोनशेचा.
एकशे शहाण्णव.
रेघा मोजल्या. चार.
चारही पूर्ण.