काकडीच्या बीएवढं

घणसोलीत, सिडकोच्या आमच्या बैठ्या घरात,
मीटरखाली जिथली ओल उन्हाळ्यातही वाळत नाही,
तिथून एक काकडीची बी
भिंतीवर चढत निघाली होती.

प्रमिलाने केरसुणी उचलली. मी म्हटलं, थांब.
तीस वर्षं लोकांची घड्याळं उघडतोय.
बारीक काही हललं
की हात आपोआप भिंगाकडे जातो.

बी नव्हतीच ती. पिशवी होती,
मधे फुगीर, दोन्ही टोकांना फट.
इकडून डोकं काढायचं, नाही पटलं
तर आतल्या आत वळून तिकडून.
आमच्या घराला एकच दार आहे.

जुन्या वॉलक्लॉकच्या काचेखाली ठेवली तिला.
कोपऱ्यातली जळमटं हाच खुराक.
"पाहुणी काय म्हणते?"
शेजारचे ठोंबरे रोज विचारून जायचे.

पाचव्या आठवड्यात एका पहाटे
काचेला आतून चिकटलेला
पतंग. आता याला पतंग म्हणायचं तर म्हणा,
तांदळाच्या कणीएवढा, राखी रंगाचा,
पंखांवर तीन-चार काळपट ठिपके,
शाईचं पेन कुणी झटकावं तसे.
मागच्या काठाला झालर, उसवलेल्या पदरासारखी.
कपाळावर केस विस्कटलेले,
कुणीतरी झोपेतून उठवल्यागत.
तोंड नावापुरतं. खाणंपिणं
पिशवीत असतानाच उरकलेलं.

काच उचलली.
दिव्यावर झेप वगैरे काही नाही.
तुरुतुरु पळाला,
कपाटामागच्या अंधारात शिरला,
आणि संपलं.

रिकामी पिशवी चिमट्यात धरली, भिंग बसवलं.
रेतीचे कण. आमच्या पिवळ्या डिस्टेंपरची भुकटी.
एक केस पांढरा, माझा.
एक मेंदीचा, प्रमिलाचा.
आणि पार मधोमध,
जिथून तिने विणायला घेतलं असेल तिथे
हिरवा चुना,
आणि जांभळ्या लोकरीचा एक धागा.

घर घेतलं तेव्हाच भिंती पिवळ्या होत्या.
जांभळी लोकर आमच्यात कुणी घातलेली नाही.

"आपल्याआधी इथं कोण राहायचं हो?"
प्रमिलाने विचारलं.
एकोणीस वर्षांत हा प्रश्न
या घरात पहिल्यांदा निघाला.

मला सांगता येईना.
मीटरखाली गेलो, पोपडा सुटला होता तिथे
नखाने जरासं खरवडलं.

पिवळ्याखाली हिरवं होतं.