गुंजभर

केतकी पुण्याला गेली, पिंजरा माझ्याकडे राहिला.
आत गिनीपिग, तांबडी, कपाळावर काळा ठिपका.
नाव गुंज. आमच्याच धंद्यातलं,
सोनं बियांनी तोलायचे तेव्हाचं.

गुजरीत बत्तीस वर्षं मी काट्यापुढे बसलो.
मिलीग्रॅमची चूक माझ्या हातून होत नाही
असं मीच लोकांना सांगत आलो.

माया मात्र अंदाजानं घातली.

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर आप्पासो चौगले म्हणाले,
"लसूणघास घाला की वो! म्हशीला तेच घालतोय मी,
बघा फेस कसा येतोय.
एवढंसं जनावर, लागतंय किती त्याला?"
मग रोज एक पेंडी.
वरून कपिलतीर्थातली पालकाची जुडी,
हिरवं ते सगळं चांगलं, ह्या हिशोबानं.
ती खायची, मी बघत बसायचो,
दातांचा बारीक करकर आवाज,
कानशीनं बांगडीची कड घासावी तसा.

पिंजऱ्यातल्या कागदावर पांढरे डाग वाळू लागले.
बोट लावलं तर चुन्यासारखे खरखरीत.
मी कागद बदलला. दुसऱ्या दिवशी पुन्हा.
तिसऱ्या की चौथ्या सकाळी
ती कोपऱ्यात पाठीची कमान करून बसली
आणि मुतताना ओरडली.

ते ओरडणं मला ओळखीचं होतं.
एका उन्हाळ्यात न्हाणीच्या भिंतीला धरून
मीच तसा ओरडलो होतो,
शेजाऱ्यांनी टीव्ही बारीक केला होता.
बायको म्हणाली, "कुळथाचं कढण देऊया?
तुम्हाला लागू पडलं होतं की."

शाहूपुरीत नाईकनवरे डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला.
धुकट पोट, मणक्यांची माळ, आणि खाली
एक पांढरा ठिपका.
"खाण्यातलं कॅल्शियम ही जवळजवळ सगळं शोषते,
जास्तीचं मूत्रावाटे टाकते. तिथं ते साचलंय.
लसूणघास बंद. पालक बंद. कढणबिढण तर नाहीच.
वाळलं गवत पाहिजे तेवढं, पाणी पाहिजे तेवढं.
ढबू मिरचीची फोड रोज,
सी जीवनसत्त्व हिचं अंग बनवत नाही.
खडा लहान आहे, मादी आहे, पडेलही.
लघवी अडली तर मात्र तडक घेऊन या.
आणि रोज वजन करा.
घरी काटा आहे का एखादा?"

मी हसलो नाही.

त्या संध्याकाळी पिशवी वाजली तशी
ती जाळीला तोंड लावून शिट्ट्या मारू लागली.
मी वाळलं गवत ठेवलं.
तिनं हुंगलं,
आणि घडणावळ ऐकून गिऱ्हाइकानं उठावं
तशी पाठ फिरवली.
रात्री पावणेबाराला अंधारात
एक काडी ओढल्याचा आवाज आला.
मग दुसरी.

आठशे बारा. आठशे चार. सातशे नव्व्याण्णव.
केतकी फोनवर विचारायची, "बाबा, जेवलात का?"
मी म्हणायचो, "आठशे एक."

नवव्या दिवशी ती ओरडली, एकदाच,
आणि लगेच नळीतलं पाणी प्यायला गेली.
कागदावर खडा होता. पिवळसर, अंगाला काटे.
मी धुतला. काचपेटीतला जुना काटा काढला,
एका पारड्यात तो, दुसऱ्यात डबीतली खरी गुंज.
खडा किंचित जड भरला.
किती वेळ बघत होतो कोण जाणे,
बायको म्हणाली, "टाका आता ते. हात धुवा."

"परत होऊ शकतो," बाई म्हणाल्या होत्याच.
म्हणून रोज सकाळी दुकानाआधी तिला उचलतो.
काट्यावर ती थांबत नाही, आकडे पळतात,
मी ढबूची फोड पुढं धरून श्वास रोखतो.
आप्पासो अजून रुसलेत.
काल दुधाची किटली हातात देताना म्हणाले,
"वाळलं चघळतंय बिचारं.
आमची म्हस असती तर कवाच दावं तोडलं असतं."
आणि सायकलच्या कॅरियरवरून सोडून दिली
हरळीची एक वाळकी मोळी, सुतळीनं बांधलेली,
पैसे घ्यायला काही केल्या तयार होईनात.