निम्मे पन्नास, त्याची दुप्पट

रविवारी सकाळी साडेसहाला सोन्या मारुतीपाशी जमायचं होतं.
तीनशे रुपये आधीच भरलेले, मोबाइलवरून.
बोटांना न लागता गेलेले पैसे
मला अजूनही गेल्यासारखे वाटत नाहीत.

आम्ही चौदा जण. टोप्या, पाण्याच्या बाटल्या,
आणि कमरेला छोटा स्पीकर बांधलेली ईशान्या ठकार,
वय असेल चोवीस,
जिला या पेठांतली अशी प्रत्येक पेढी ठाऊक आहे
जी आता नाही.

सराफांची शटरं बंद, कड्यांत कालचा झेंडू.
एक बाई उंबऱ्याखालची धूळ
ब्रशानं सुपलीत ओढत होती.
"झारेकरी," ईशान्या म्हणाली, "ही धूळ धुऊन
त्यातला सोन्याचा कण काढतात."
सगळ्यांनी फोटो काढले. बाईनं मान वर केली नाही.
दुकानं उघडायच्या आत तिला अजून सात उंबरे होते.

मोती चौकात उभं राहून ऐकलं:
अंकुशी रुपया वेगळा, चांदवडी वेगळा,
एकातून दुसऱ्यात जायला बट्टा पडायचा.
नाणं दगडावर वाजवून सराफ डोळे मिटायचा.
आणि काशीला निघालेला माणूस पैसे नेत नसे,
कागद नेई.
तिनं हुंडीची झेरॉक्स फिरवली. मोडीत.
कुणाला लागेना.
मला लागते थोडी, वडलांनी शिकवली होती,
पण मी गप्प राहिलो आणि मनात वाचलं:
रुपये शंभर, निम्मे पन्नास, त्याची दुप्पट,
धनी ओळखून, नावठाव पुसून द्यावे.

निम्मं अशासाठी, की वाटेत कुणी आकडा फुगवू नये.
लिहिणारा पुण्यात, देणारा काशीत,
मधे दोन महिन्यांची वाट,
नद्या, चोर, तापसराई,
आणि तरी निम्म्याची दुप्पट मिळायची.

पत. एवढासा शब्द.
ना काना, ना मात्रा.

बोहरी आळीच्या तोंडाशी ती थांबली नाही.
थांबण्यासारखं काही नव्हतंच:
एक जिना, खाली कुकरच्या शिट्ट्या विकणारा,
वर भिंतीत चार भोकं, जिथे आमच्या बँकेची पाटी होती.
एकोणतीस वर्षं मी त्या जिन्यानं चढलो.
जाळीमागे बसून दिवसाला चाळीस-पन्नास बंडलं मोजली,
स्पंज, रबरबँड, शाई.
मग एका मंगळवारी वरून फोन आला:
खात्यामागे एक हजार. फक्त एक हजार.
रांग सुभानशापर्यंत गेली होती.
पासबुकात लिहिलेलं पूर्ण.
दिलेलं,
तो भागाकार मी आजवर केलेला नाही.

"कॅशियरसाहेब!"

मुस्तालीभाई, खिळे-बिजागऱ्यांवाले,
दुकानाच्या पायरीवर चहा घेऊन बसलेले.
त्यांचा खातेक्रमांक मला तोंडपाठ आहे.
शिल्लकही: चार लाख ऐंशी हजार, वर काही पैसे.
थोरल्या मुलीच्या नावानं.
मी म्हणालो, कसे आहात.
ते म्हणाले, दाढी पांढरी झाली तुमच्या बँकेपायी,
आणि हसले, किंवा हसल्यासारखं केलं.
मग खिशातून पाचशेची नोट काढली.
"काल गर्दीत आली. बघा जरा. मला शंका आहे."

मी चष्मा काढला नाही.
अंगठ्यानं कड चाचपली, उजेडाकडे धरली,
एकदा कानाशी कुरकुरवली.
"खरी आहे."
त्यांनी ती परत पाहिलीसुद्धा नाही.
चौघडी करून वरच्या खिशात टाकली
आणि उरलेला चहा संपवला.
मला विचारला नाही चहा.
बरोबरच आहे.

पुढच्या वळणावरून स्पीकर खरखरला:
"तेरा... मागे कुणी राहिलंय का?"
दोनदा विचारलं तिनं.
मी बोटं रुमालाला पुसत होतो,
जुन्या सवयीनं,
शाई नसताना.