पासंग

उपासना संपली. सतरंजीवरची पोरं बाहेर पळाली.
पाळकांनी डालड्याचा रिकामा डबा टेबलावर ठेवला,
झाकणाला चिठ्ठीपुरती फट.
टाकळखेड्याच्या मंडळीचा खजिनदार निवडायचा आहे आज.
शेहेचाळीस माणसं, दोन नावं, एकच बॉलपेन
पुढून मागे सरकत येतंय.

पहिलं नाव बेन्यामीनभाऊंचं.
ते प्रार्थनेला उभे राहिले की टिनाचं छप्परही डोळे मिटतं.
स्पीकर त्यांचा, पंखा त्यांचा,
तिन्ही पात्यांवर त्यांच्या वडलांचं नाव.
वारा लागतो तेव्हा ते वाचता येत नाही, एवढंच.

दुसरं शांतवन खंडारेचं.
तो मागे, चपलांजवळ बसतो.
गायला लागला की शेजारचा उगाच पानं चाळतो.
पण जिनिंगवर काट्याशी होता तेव्हा
शेठ म्हणाला, क्विंटलमागे दोन किलो दाबून धर,
तर यानं खोलीची किल्ली टेबलावर ठेवली
अन् भर दुपारी पंक्चर सायकल हातात धरून
नऊ मैल चालत घरी आला.
बायकोनं विचारलं, काय झालं?
"काही नाही व. वरून पाहून रायला होता तो."

शास्त्रात आहे :
दिवसभर लोकांचे तंटे ऐकून थकलेल्या जावयाला
सासरा सांगतो, माणसं नेम.
देवाला भिणारी. लाचेचा वीट असलेली.
पाळकांनी आज तेच वाचलं,
वाचताना कोणाकडे पाहिलं नाही.
मला मात्र झाडांची ती गोष्ट आठवत राहिली.
राजा व्हायला जैतून नाही म्हणाला, अंजीर नाही म्हणाला,
(आमचा मोहही नाहीच म्हणाला असता)
हो म्हणालं ते काटेरी झुडूप :
या, माझ्या सावलीत बसा.
ती सावली आम्हाला ठाऊक आहे.
तिथं शेळी बसते, तीही अंग चोरून.

शांतवन उभा राहिला.
"चिठ्ठ्या लिहाच्या आंधी एक सांगतो.
नाताळची वर्गणी माह्याकडे होती त्या साली
लेकीच्या तापात चारशे रुपये वापरले मी.
महिन्यानं वापस टाकले. कोणाले मालूम नोव्हतं.
आता हाये."
बसला. समोरच्या चपला सरळ करू लागला.

कोणी खाकरलं.
सालोमेकाकू पुटपुटल्या, "पाहा, हा बी तसाच."
तेवढ्यात लाईन गेली. पाती मंदावली,
वडलांचं नाव अक्षर अक्षर वाचता यायला लागलं.
आणि पेन माझ्याकडे आलं.

बेन्यामीनभाऊ परवा घरी आले होते.
तुमच्या आमोसला अमरावतीत चिकटवून देतो म्हणाले.
चहात मी साखर जास्तीची घातली,
आमच्यात घालतो त्याहून दुप्पट.
म्हणजे इतका वेळ मी त्या दोघांना तोलत होते
आणि डाव्या पारड्याखाली लावलेला
मेणाचा गोळा माझाच होता.

पेन उमटेना. तळहातावर घासलं.
मग लिहिलं नाव, आडनावासकट.
घडी घालावीशी वाटली नाही,
आणि उघडी चिठ्ठी फटीतून जाईना.
झाकण काढलं,
आत ठेवली.